सवलतीची मालकी

बुलढाणा जिल्ह्यात खाऱ्या पाण्याचे सरोवर एकच आहे, लोणारचे. आणि तेही उल्कापाताने झालेल्या विवरात. समुद्र इथून पाचशे किलोमीटरच्या आसपास दूर. तरीही गेल्या काही वर्षांत खामगाव, चिखली, मलकापूर, मेहकर इथल्या ट्रॅव्हल्सच्या दुकानांवर एक नवे चित्र दिसू लागले आहे. चारधाम, अष्टविनायक, तिरुपती-रामेश्वर अशा फलकांच्या रांगेत एक पांढरेशुभ्र, अनेक मजली जहाज. खाली 'मुंबई–गोवा' आणि एक रक्कम. पुण्याच्या रात्रीच्या गाडीची सीट विकणारा, रेल्वेचे आरक्षण काढून देणारा, शेगावच्या दर्शनाला आलेल्यांसाठी जीप ठरवून देणारा आपला ओळखीचा माणूस आता समुद्रातली खोलीही विकतो.

वाणिज्य शाखेत तीस वर्षे शिकवल्यामुळे दुकानात बसून व्यवहार पाहण्याची मला खोड आहे. अशाच एका दुकानात एक गृहस्थ जहाजाच्या खोलीचा भाव करीत होते. "थोडं कमी करा नं भाऊ," हे वाक्य आपल्याकडे भाजीपासून लग्नाच्या मंडपापर्यंत सगळीकडे चालते. दुकानदाराने हात जोडले. म्हणाला, "यात माझ्या हातात काही नाही. कमी केले तर कंपनी माझा आयडीच बंद करील."

ग्राहक त्याने जमवलेला, कमिशन त्याच्या कष्टाचे. आणि त्या कमिशनातले पाचशे रुपये सोडायचे तर परवानगी तिसऱ्याची! सवलत देणे हा जर उदारपणा असेल, तर त्याला बंदी कशासाठी? आणि ती फसवणूक असेल, तर फसतो कोण? या प्रश्नाचा माग काढताना मी खामगावच्या चांदीबाजारातून अमेरिकेतल्या जहाज कंपन्यांपर्यंत आणि तिथून पुन्हा वऱ्हाडच्या कापसापर्यंत येऊन पोहोचलो. त्याची ही मांडणी.

रिकाम्या खोलीचे अर्थशास्त्र

धक्का सोडून जहाज निघाले की त्यातली रिकामी खोली कायमची वाया जाते. खामगावच्या व्यापाऱ्याला कापसाची गाठ भाव पडला तर गोदामात ठेवता येते. खोलीची रात्र ठेवता येत नाही. एस.टी.च्या रिकाम्या सीटचेही तेच, पण जहाजाचा प्रकार अधिक टोकाचा आहे. इंधन, खलाशी, बंदराचे शुल्क, स्वयंपाकघर हा खर्च जहाज अर्धे भरले तरी जवळजवळ तेवढाच राहतो. वर आणखी दोन माणसे घेतली तर त्यांच्या जेवणापलीकडे फारसे काही वाढत नाही. उलट ती माणसे जहाजावर खर्च करतात: पेये, खेळ, दुकाने, किनाऱ्यावरच्या सहली. जगभरच्या क्रूझ कंपन्यांच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा तिकिटाबाहेरच्या या खर्चातून येतो. म्हणून रिकाम्या खोलीपेक्षा स्वस्तात भरलेली खोली कंपनीला केव्हाही परवडते.

आपल्या किनाऱ्यावर हा धंदा नवा आणि अवघड आहे. मुंबई–गोवा मार्गावर 'आंग्रिया' २०१८ च्या ऑक्टोबरात सुरू झाली, पण टिकली नाही. २०१९ मध्ये 'कर्णिका' हे जहाज घेऊन आलेली जालेश क्रूझेस ही कंपनी कोरोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, बंद पडली. २०२१ च्या सप्टेंबरात 'एम्प्रेस' या जहाजासह कॉर्डेलिया क्रूझेस मुंबईतून सुरू झाली. हे जहाज पूर्वी रॉयल कॅरिबियन या अमेरिकन कंपनीकडे होते. जहाज आणणे एक आणि ते दर आठवड्याला भरणे दुसरे. भरण्यासाठी कंपनीला गावोगावचे एजंट लागतात, आणि भाव खाली-वर करण्याची मोकळीक लागते. या दोन गरजांमधूनच पुढचे भांडण जन्मते.

चांदी आणि घडणावळ

खामगावला रजतनगरी म्हणतात. इथल्या सराफाच्या दुकानात चांदीचा भाव सहसा कोणी पाडून मागत नाही. तो बाहेर ठरतो, फळ्यावर लिहिलेला असतो. घासाघीस होते ती घडणावळीची. ती सराफाची आणि कारागिराची मिळकत. तिच्यात किती सोडायचे हे तोच ठरवतो, आणि त्यावर चांदीच्या खाणीचा मालक हरकत घेत नाही.

जहाजाच्या तिकिटाचीही अशीच दोन अंगे आहेत. समजा, दोघांच्या खोलीचे एकूण ५०,००० रुपये झाले. त्यातले ४०,००० मूळ भाडे आणि १०,००० बंदर-शुल्क व कर. एजंटाचे कमिशन फक्त मूळ भाड्यावर मिळते. दहा टक्के धरले तर ४,००० रुपये. ही त्याची घडणावळ. ग्राहकाने 'पन्नास हजारांतले दीड हजार सोडा' म्हटले तर त्याला ती तीन टक्क्यांची किरकोळ गोष्ट वाटते. एजंटाच्या मिळकतीतून मात्र तिसऱ्या हिश्शाहून जास्त जाते. आपल्याकडे 'कमिशन' या शब्दाला जो संशयाचा वास आहे, त्यामागे हे गणित न कळणे हे एक कारण आहे.

आता मुंबईतला एक मोठा एजंट घ्या. तो वर्षाला शेकडो खोल्या विकतो, म्हणून कंपनी त्याला पंधरा टक्के देते असे समजू. त्याला एका खोलीमागे ६,००० मिळतात. त्याने ३,००० ग्राहकाला सोडले तरी त्याच्याकडे ३,००० उरतात. त्याच्याशी बरोबरी करायला गेलेल्या खामगावच्या एजंटाकडे १,००० उरतील. त्यात दुकानाचे भाडे, वीज, पोराचा पगार आणि तीन वेळा खामगावहून मुंबईला केलेले फोन. दोन महिन्यांत दुकानाला कुलूप.

या उदाहरणातले आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण ठेवण खरी आहे. जास्त विक्रीला जास्त कमिशन ही पद्धत या धंद्यात सर्वत्र चालते. अमेरिकेत दहा टक्क्यांपासून सुरुवात करून मोठ्या एजन्सींना पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंत मिळत आले आहे.

बंदी आणि तिची बाजू

कमिशनातला वाटा ग्राहकाला परत करण्याची ही चाल अमेरिकेत इंटरनेट आल्यावर फोफावली. २००४ च्या सुमारास रॉयल कॅरिबियनने आणि पाठोपाठ कार्निव्हलने एजंटांना बजावले की आमच्या जाहीर भावापेक्षा कमी भावाची जाहिरात करायची नाही, कमिशन परत करून भाव पाडायचा नाही. गंमत अशी की या नियमाचे स्वागत सर्वांत मोठ्याने केले ते लहान एजंटांनी. ग्राहकाला सवलत नको अशी मागणी दुकानदारच करतो हे विचित्र दिसते, पण वरचे गणित मांडले की विचित्र राहत नाही.

अर्थशास्त्रात या बाजूची मांडणी लेस्टर टेल्सर यांनी १९६० मध्येच केली होती. काही वस्तूंना विकण्याआधी समजावून सांगावे लागते. समजावण्याला वेळ आणि पैसा लागतो. एकाने समजावले आणि दुसऱ्याने न समजावता स्वस्तात विकले, तर समजावणारा बुडतो. आणि तो बुडाला की समजावणारेच उरत नाहीत. उत्पादक किमान भाव बांधून देतो तो अशा वेळी समजावणाऱ्याला जगवण्यासाठी.

याचा नमुना मी जवळून पाहिला. आमच्या सेवानिवृत्त शिक्षकांच्या मंडळातल्या बावीस जणांनी मुंबई–गोवा सफर ठरवली. अकरा खोल्या. आमच्यातल्या निम्म्यांनी समुद्र फक्त गणपतीपुळ्याला पाहिलेला. एजंट सहा आठवडे आमच्यामागे होता. गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या बाईंना लिफ्टजवळची खोली, एकादशी पाळणाऱ्यांच्या फराळाची चौकशी, खिडकीवाली खोली आणि आतली खोली यांतला फरक, ओळखपत्रावरचे आणि तिकिटावरचे नाव तंतोतंत जुळले पाहिजे यासाठी केलेल्या चकरा. पैसे भरून झाले. पंधरा दिवसांनी त्या कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर सणाची योजना आली आणि तशाच खोल्या प्रत्येकी पाच हजारांनी स्वस्त झाल्या. योजना फक्त नव्या बुकिंगला.

मंडळाच्या बैठकीत जे बोलणे झाले ते इथे लिहिण्यासारखे नाही. संशय सगळा एजंटावर. त्या माणसाने खोलीमागे दोन हजार स्वतःच्या कमिशनातून देण्याची तयारी दाखवली, पण तशी पावती केली असती तर तो नियमभंग ठरला असता. शेवटी त्याने आम्हा बावीस जणांची शेगाव ते मुंबई रेल्वेची तिकिटे आपल्या खर्चाने काढून दिली. पैसे सोडायचे नाहीत, पण भेट चालते! अमेरिकेतही नियमाला अशीच पळवाट निघाली: भाव तोच, सोबत जहाजावर खर्चायला काही रक्कम किंवा एखादी भेटवस्तू.

या प्रसंगाने टेल्सर यांच्या मांडणीतली एक फटही दाखवली. आमच्या एजंटाला बुडवायला निघाला होता तो दुसरा एजंट नव्हता. भाव खुद्द कंपनीने पाडला होता. समजावणाऱ्याला जगवण्यासाठी म्हणून नियम केला, आणि तो मोडण्याचा हक्क मात्र नियम करणाऱ्याने स्वतःकडे राखला.

सवलत हे हत्यारही असते

इथपर्यंत वाचून वाटेल की मग सवलतीला मोकळे रान द्यावे. त्याआधी आपल्याच इतिहासात डोकावायला हवे, कारण जहाजाच्या भाड्यातली सवलत या देशाने फार महाग पडलेली पाहिली आहे.

खामगाव ही एकोणिसाव्या शतकातली वऱ्हाडची मोठी कापूसपेठ. जलंबहून खामगावपर्यंतचा जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला, आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाईसरॉय लॉर्ड मेयो आले होते. एवढ्याशा फाट्यासाठी व्हाईसरॉय यावा, यातून त्या कापसाचे मोल कळते. वऱ्हाडचा कापूस मुंबईला, तिथून गिरण्यांत किंवा जहाजावर. १८९० नंतर जपानच्या गिरण्या हिंदी कापसाच्या मोठ्या गिऱ्हाईक झाल्या, आणि मुंबईचे सूत चीनकडे जात होतेच. या वाटेवर पी. अँड ओ. या ब्रिटिश कंपनीचा वरचष्मा होता.

१८९३ मध्ये निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीने मुंबईची फेरी सुरू केली आणि जमशेटजी टाटांनी तिच्याशी हातमिळवणी करून आपली 'टाटा लाइन' काढली. पी. अँड ओ. टनामागे एकोणीस रुपये घेई. टाटांनी बारा रुपये लावले. उत्तरादाखल पी. अँड ओ.ने दर दीड रुपयापर्यंत खाली आणला. शिवाय व्यापाऱ्यांना खास सवलत देऊ केली, एका अटीवर: टाटांच्या जहाजाने माल पाठवायचा नाही. मुंबईचे व्यापारी एकेक करून तिकडे सरकले. टाटांनी सरकारकडे दाद मागितली, तिचा उपयोग झाला नाही. भाड्याने घेतलेली जहाजे परत गेली, टाटा लाइन बंद पडली, आणि दर पुन्हा चढले.

या सवलतीचे एक पक्के रूप तेव्हा रूढ झाले होते. त्याचा उगमही हिंदुस्थानच्या व्यापारातला. १८७७ मध्ये इंग्लंडहून कलकत्त्याला येणाऱ्या कापडाच्या वाहतुकीत जहाज कंपन्यांच्या संघाने ते सुरू केले. व्यापाऱ्याने पूर्ण भाडे भरायचे; त्यातला ठरावीक टक्का काही महिन्यांनी परत मिळणार, पण या काळात त्याने संघाबाहेरच्या एकाही जहाजाने माल पाठवला नसेल तर. म्हणजे व्यापाऱ्याचेच पैसे त्याला बांधून ठेवायला ओलीस. कोणी नवी कंपनी कमी भाड्याचा निरोप घेऊन आली, तरी अडकलेले पैसे बुडतील या भीतीने व्यापारी हलत नसे. अमेरिकेने १९१६ च्या नौवहन कायद्यात ही पद्धत बेकायदा ठरवली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी सहकाऱ्यांसह १९१९ मध्ये सिंदिया कंपनी उभी केली, तेव्हा तिलाही याच दोन हत्यारांशी, पाडलेल्या दरांशी आणि अडकवलेल्या सवलतींशी, झुंजावे लागले.

प्रवाशांच्या बाबतीतले उदाहरण दक्षिणेतले आहे. व्ही. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ मध्ये तुतिकोरिनला स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. तुतिकोरिन–कोलंबो मार्गावर ब्रिटिश इंडिया कंपनीने तिला पाडण्यासाठी भाडे उतरवत नेले. शेवटी प्रवास फुकट, वर एक छत्री भेट, इथवर मजल गेल्याचे सांगतात. १९०८ मध्ये पिळ्ळै यांना अटक झाली आणि १९११ पर्यंत कंपनी गुंडाळली गेली. फुकट छत्री घेऊन कोलंबोला उतरलेल्या प्रवाशाला तेव्हा आपला फायदाच झाला असे वाटले असणार. पुढच्या वर्षांचे भाडे कोण ठरवणार, हे त्या छत्रीत ठरून गेले होते.

न्यायालयांनी धरलेली वाट

म्हणजे सवलतीची बंदी संशयास्पद आणि सवलतही संशयास्पद. कायद्याने यातून वाट काढताना एक साधा प्रश्न विचारला: भाव ठरवणारा कोण, आणि धोका पत्करणारा कोण?

या विषयावरचा सर्वांत उद्बोधक निकाल युरोपीय न्यायालयाचा, १ ऑक्टोबर १९८७ चा आहे. बेल्जियममध्ये एजंटाने कमिशनातला वाटा ग्राहकाला देऊ नये असा नियम होता. आधी तो धंद्याच्या आचारसंहितेत होता, नंतर सरकारनेच तो आदेशात घातला. स्थानिक सरकारी कर्मचाऱ्यांसाठी चालणारी एक संस्था आपल्या सभासदांना सहलींवर अशी सवलत देई. आपल्याकडच्या कर्मचारी पतसंस्थेने सहली काढाव्यात तसेच. फ्लेमिश एजंटांच्या संघटनेने तिला कोर्टात खेचले. न्यायालयाने संघटनेचे म्हणणे मानले नाही. एजंट हा सहल कंपनीचा नोकर नाही; तो अनेक कंपन्यांच्या सहली विकतो, आणि एकेक कंपनी अनेक एजंटांमार्फत विकते. तो स्वतंत्र व्यावसायिक आहे. त्याच्या कमिशनाचे काय करायचे हे सांगणारा नियम स्पर्धा मारतो. ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगानेही त्याआधी, १९८६ मध्ये, परदेशी सहलींच्या संदर्भात असाच निष्कर्ष काढला होता.

अमेरिका उलट दिशेने गेली. १९११ पासून तिथे किमान विक्रीभाव बांधून देणे सरसकट बेकायदा होते. २००७ मध्ये 'लीजिन' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते सरसकटपण काढून टाकले आणि प्रत्येक प्रकरण त्याच्या परिणामांवरून तपासावे असे म्हटले. टेल्सर यांच्या परंपरेतली मांडणी तिथे स्वीकारली गेली.

भारतात २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या तिसऱ्या कलमात पुनर्विक्रीचा भाव बांधण्याचा उल्लेख आहे. तो गुन्हा ठरतो तो स्पर्धेवर लक्षणीय विपरीत परिणाम झाला तर. जहाजांवरचे मोठे प्रकरण अजून माझ्या वाचनात नाही. मोटारींची मात्र आहेत. ह्युंदाईवर स्पर्धा आयोगाने २०१७ मध्ये ८७ कोटींचा दंड केला, तो पुढच्या वर्षी अपिलात रद्द झाला. मारुती सुझुकीने विक्रेत्यांवर सवलतीची मर्यादा घातली होती. ती मोडणारा विक्रेता पकडण्यासाठी खोटे ग्राहक पाठवले जात आणि दंड वसूल होई, असे आयोगाला आढळले. २०२१ मध्ये २०० कोटींचा दंड झाला. कंपनी अपिलात गेली. प्रवासाच्या धंद्यात २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला सुमारे २२३ कोटींचा दंड झाला. त्यात एक मुद्दा असा होता की हॉटेलने आपली खोली दुसरीकडे, स्वतःच्या खिडकीवरही, कमी भावाने विकू नये असे बंधन घातले होते. म्हणजे इथे बांधणारा मध्यस्थ आणि बांधला गेलेला मालक. जो बलवान तो दुसऱ्याची सवलत बांधतो, एवढेच यातून दिसते.

जहाजाच्या बाबतीत एक गाठ उरते. मोटारीचा विक्रेता मोटार विकत घेऊन विकतो. जहाजाचा एजंट खोली विकत घेत नाही. न खपलेली खोली त्याच्या गळ्यात पडत नाही. मग खोलीचा भाव कंपनीने ठरवावा हे बरोबरच. पण कमिशन खोलीचा भाव नाही. ती त्याच्या श्रमाची किंमत आहे, आणि तिच्यावर बेल्जियमच्या निकालातला तर्क मला अधिक पटतो.

पायाशी असलेले नियम

समुद्र सोडून घाटाखाली आणि घाटावर आलो, की याच प्रश्नाची आणखी दोन रूपे रोज दिसतात. एस.टी.ने २०२२ च्या ऑगस्टपासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास दिला. ही सवलत वाहकाच्या किंवा आगाराच्या कमिशनातून जात नाही. तिची भरपाई राज्य सरकार महामंडळाला देते. सवलतीचा मालक इथे स्पष्ट आहे, तो म्हणजे करदाता. लग्नाच्या मोसमात मेहकर-चिखलीच्या गाडीत बायकांची गर्दी पाहिली की स्वस्ताईने प्रवास किती वाढतो तेही दिसते. खासगी जीपवाल्यांचे गिऱ्हाईक किती गेले, हे त्याच गर्दीचे दुसरे अंग.

दुसरे रूप दिवाळीत अंगावर येते. पुण्याहून खामगाव-शेगावकडे येणाऱ्या खासगी ट्रॅव्हल्सचे भाडे सणाच्या आठवड्यात कुठल्या कुठे जाते. २०१८ च्या शासन निर्णयाने त्याला वरची मर्यादा आहे: तशाच प्रकारच्या एस.टी. गाडीच्या भाड्याच्या दीडपट, त्याहून जास्त नाही. मर्यादा एस.टी.च्या भाड्याला बांधलेली असल्यामुळे २५ जानेवारी २०२५ पासून एस.टी.चे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले तेव्हा खासगी गाड्यांची कमालमर्यादाही आपोआप वर सरकली. नियम वरच्या टोकाला आहे, खालच्या टोकाला नाही. सणानंतर उलट दिशेच्या गाड्या रिकाम्या धावतात तेव्हा भाडे कितीही पाडता येते. ॲपवर 'पहिल्या बुकिंगला दोनशे रुपये सूट' दिसते ती यातूनच किंवा गुंतवणूकदारांच्या पैशातून येते. गावातला एजंट सीटमागच्या ठरावीक कमिशनावर बसलेला. त्याच्याकडे दोनशे रुपये सोडायला मुळातच नसतात. पण गाडी रात्री दोनला बंद पडली की फोन त्यालाच येतो. ॲपला कोणी झोपेतून उठवत नाही.

मग नियम कसा असावा?

सवलतीवर सरसकट बंदी घालून लहान एजंट वाचत नाही. वरच्या उदाहरणात बंदी पाळली तरी मोठ्याकडे ६,००० आणि लहानाकडे ४,००० राहतात. जादाचे दोन हजार मोठा जाहिरातीत घालतो. असमानता सवलतीतून येत नाही, कमिशनाच्या पायऱ्यांतून येते, आणि त्या पायऱ्या कंपनीच बांधते. बंदीने ग्राहकाचे तीन हजार जातात, आणि लहान दुकानाला मिळते थोडी मुदत.

माझ्या मते तीन गोष्टी न्याय्य ठरतील. खोलीचा भाव कंपनीने ठरवावा. पण तो एका दिवशी सर्वांना एकच असावा, तिच्या स्वतःच्या ॲपलाही. भाव नंतर उतरला तर आधी भरलेल्यांना फरक मिळावा, निदान पुढच्या सफरीसाठी. कमिशन एजंटाचे, त्यातले तो सोडील किंवा न सोडील. आणि तिसरी गोष्ट एजंटांनी करायची आहे: सल्ल्याचे शुल्क वेगळे, पावतीवर लिहून घ्यायचे. २००८ च्या अखेरीस विमान कंपन्यांनी आपल्याकडे कमिशन बंद करत आणले तेव्हा जे एजंट टिकले, त्यांत असे शुल्क घ्यायला धजावणारे बरेच होते. बाजार समितीत २०१६ मध्ये फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा नियम झाला, तेव्हाही वाद मुळात याच गोष्टीचा होता: मध्यस्थाच्या कामाचे पैसे कोणी आणि उघडपणे द्यायचे की झाकून.

ग्राहकालाही एक सवय लावून घ्यावी लागेल. भाव कमी झाला की आनंद होतो, तो व्हावा. पण ही सवलत कोणाच्या वाट्यातून आली, हे विचारायला पैसे पडत नाहीत. रिकाम्या खोलीतून आली असेल तर खुशाल घ्यावी. ती नाहीतरी वाया जाणार होती. सरकारच्या तिजोरीतून आली असेल तर ती आपलीच आहे. एजंटाच्या घडणावळीतून आली असेल तर त्याने केलेले काम आठवून घ्यावी. आणि परवडत नसताना कोणी वर्षानुवर्षे फुकटच्या भावात देत असेल, तर शेजारी कोणाचे दुकान बंद होते आहे ते पाहावे, कारण ते बंद झाल्यानंतरचा भाव आपल्याला कोणी विचारून ठरवणार नाही.